स्तामेनमामाची मान

रूसे शहरात, डॅन्यूबच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत
स्तामेनमामाचं दुकान. दोन माणसं उभी राहिली की भरतं.
भिंतभर खिळे, खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्या,
अजून दात न आलेल्या.

कोपऱ्यात संगणक, पिवळट, दम लागलेला.
त्याच्या पोटात चार हजार दारांची गुपितं:
कुठली खाच किती खोल, कुठला दाता आखूड,
पाद्रीबाबांच्या कपाटाची, दातांच्या डॉक्टरची,
झ्लात्काबाईच्या तळघराची, जिथे नुसत्या लोणच्याच्या बरण्या.

ज्यांनी ती प्रणाली बनवली त्यांनी कधीच हात झटकले.
आता भोक पडलं तर बुजवायला कोणी येणार नाही.
हे मी मामाला तीन हिवाळे सांगतेय,
खिशात पेनड्राइव्ह घेऊन.
तो ऐकतो. कानशीने किल्ली घासत ऐकतो.

"पोरी, चाळीस वर्षं मी लोकांना हेच सांगतोय.
कुलूप बदला, हे केसातल्या पिनेनेही उघडतं.
हसतात. ईस्टरनंतर बघू म्हणतात.
चोरी झाली की दुसऱ्या दिवशी सातलाच दारात.
मग तीन-तीन कुलपं,
रिकाम्या घराला."

मग तुझं काय, मामा?

"माझं?" चष्मा कपाळावर.
"माझं सगळं इथे आहे." आणि बोट
न बघता पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात जातं,
जीभ किडक्या दाढेकडे जावी तसं.
"नव्यात हे कुठे असेल?"
"असेल कुठेतरी."
"कुठेतरी," मामा म्हणाला,
आणि तो शब्द त्याने उजेडात धरून पाहिला
खोट्या नाण्यासारखा.
"अडुसष्टाव्या वर्षी, गिऱ्हाईक समोर उभं असताना
मला माझ्याच दुकानात पाहुणा व्हायचं नाही."

कळतं त्याला. कळ कुठली दाबायची तेही कळतं.
वळत नाही.
आणि वळणं म्हणजे काय
हे किल्लीवाल्याइतकं कोणाला ठाऊक?
नवी किल्ली अडते, मनगटाला परकी लागते.
झिजलेली अर्धी आत जाताच वळते.
झिजलेली कधी कधी शेजारच्या दारालाही लागते.
हे त्यानेच शिकवलेलं, मी नऊ वर्षांची असताना.

यंदा मी पेनड्राइव्ह लावलाच.
पडद्यावर प्रश्न: पुढे जायचं?
जुनं सगळं उतरवून ठेवलंय, मी म्हटलं, दोन ठिकाणी. करू?
मामाने मान हलवली, खाली-वर.
अकरा वर्षं लीड्समध्ये राहिलेलं माझं बोट
तिकडच्या 'हो'ला सरावलेलं, ते निघालंसुद्धा.
मग आठवलं, आमच्याकडे
मान खाली-वर म्हणजे नाही.

बोट हवेतच राहिलं.
नेटची वायर तेवढी काढून दिली.
त्याने ती खिळ्याला टांगली, चिठ्ठी बांधून:
चार हजार एक.
(दुसऱ्या दिवशी ती परत जागेवर.
वार्नातल्या कुणाशी बुद्धिबळाचा डाव अर्धा राहिला होता.)

शनिवारी जेवायला बोलावलं.
त्याच्या घराचं कुलूप चौऱ्याहत्तर सालचं.
दार जरा उचलायचं, खांद्याने रेटायचं,
ही खुबी जगात फक्त मलाच माहीत,
असं तो येईल-जाईल त्याला सांगतो.
गल्लीत वीज नव्हती. बेल मुकी.
मी दार उचललं. खांदा लावला.

आत मेणबत्ती, मामाच्या हातात सुरी, पाव अर्धा कापलेला.
"तुला कोणी शिकवलं?"
"कोणी नाही. ढकललं."

बराच वेळ तो दाराकडे बघत राहिला, माझ्याकडे नाही.
सुरी खाली ठेवली. पुन्हा उचलली.
"सोमवारी येऊ?" मी विचारलं. "ते घेऊन?"

माझ्यामागून आलेल्या वाऱ्याने तेवढ्यात मेणबत्ती विझली.
त्याची मान हलली.
खाली-वर की आडवी, दिसलं नाही.